मन लागलंय का? विद्यार्थ्यांना विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास, मोलगीतून पाहिलेला

(मोलगी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं कागदावरचं नाव जरा जड आहे : विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक गुंतवणूक प्रश्नावलीने कशी मोजतात. गुंतवणूक म्हटलं की आपल्याला बँक आठवते. मूळ इंग्रजी शब्द एंगेजमेंट, तो म्हटला की साखरपुडा आठवतो. म्हणून मी आज साधं बोलणार आहे. आपल्याकडे आई विचारते, "काय रे, शाळेत मन लागतंय का?" तेवढाच हा विषय आहे. फरक इतकाच, की आई चेहरा बघून ओळखते आणि विद्यापीठ कागद बघून.

तो कागद तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भरला असेल. हल्ली तो मोबाईलवर येतो. एक वाक्य असतं, समोर पाच पर्याय असतात : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. टिचकी मारायची आणि पुढे जायचं. या पाच चौकटी आल्या कुठून, त्या भरणारा विद्यार्थी कोण आहे असं त्या बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि सातपुड्यातली मुलगी तोच कागद भरते तेव्हा काय होतं, हे आज पाहू.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष विल्यम हंटर, म्हणून आपण त्याला हंटर आयोग म्हणतो. आयोगाने साक्षीदारांसाठी प्रश्नांची यादी तयार केली होती. अनेक साक्षीदारांनी प्रश्नाचा क्रमांक टाकून, एकेक करून उत्तरं दिली. आता बघा, ज्याला असा कागद वाचता येतो, ज्याचं नाव साहेबांच्या यादीत असतं, तोच उत्तर देणार. जो शाळेपर्यंत पोचलाच नाही, त्याला शाळा कशी वाटली हे विचारणार कोण?

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं महात्मा जोतीराव फुले यांचं निवेदन या आयोगापुढे आहे. त्यात मुद्दे फुल्यांनी स्वतः ठरवलेले आहेत. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणाले. शिक्षक कोणत्या समाजातून येतात आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हेही बोलले. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान असावं, अशी मागणी केली. या विषयाच्या इतिहासात मी हे निवेदन पहिलं धरतो. विचारणाऱ्याला जे सुचलं नाही तेही उत्तर देणाऱ्याने सांगायचं असतं, हा धडा त्यात आहे. तो पुढे लागेल, लक्षात ठेवा.

आता पाच चौकटींकडे येऊ. १९३२ साली अमेरिकेत रेन्सिस लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाचं मत मोजायची सोपी रीत मांडली. वाक्य द्या, सहमतीच्या पायऱ्या द्या, प्रत्येक पायरीला आकडा द्या आणि बेरीज करा. त्याने ही रीत तपासली ती अमेरिकी विद्यापीठांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांवर. प्रश्न वंशांबद्दलचे, देशादेशांतल्या संबंधांबद्दलचे होते, अभ्यासाबद्दलचे नव्हते. पण विद्यार्थी हाताशी होते. वर्गात बसलेले, लिहिता-वाचता येणारे, सांगितलं की कागद भरणारे. मोजमापाच्या शास्त्राला विद्यार्थ्याची अशी सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

विद्यार्थ्याचं अभ्यासातलं मन मोजायचा मोठा प्रयत्न पुढे कॅलिफोर्नियात झाला. चार्ल्स रॉबर्ट पेस हे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक. तोवर विचारलं जायचं, कॉलेज कसं आहे? इमारत केवढी, प्राध्यापक किती शिकलेले, ग्रंथालयात पुस्तकं किती? पेस म्हणाले, विद्यार्थ्याला विचारा की तू स्वतः काय केलंस. पुस्तकं लाखभर असतील, तू किती उघडलीस? १९७९ मध्ये त्यांची कॉलेज अनुभवाची प्रश्नावली आली. तिचा गाभा एका कल्पनेत होता : प्रयत्नाची गुणवत्ता. १९८४ मध्ये अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी याला सिद्धांताचं रूप दिलं. विद्यार्थी शरीराची आणि मनाची जेवढी ऊर्जा शिक्षणात घालतो, तेवढं तो शिकतो, असा त्याचा सारांश. मग २००० साली इंडियाना विद्यापीठातून जॉर्ज कुह यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय पातळीवरचं मोठं सर्वेक्षण सुरू झालं, त्याला नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट म्हणतात. पुढे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांनी तेच आपापल्या परीने घेतलं.

यामागचा हेतू चांगला होता. १९८३ पासून अमेरिकेत एक साप्ताहिक कॉलेजांची क्रमवारी छापू लागलं होतं. त्यात नावाला आणि श्रीमंतीला फार वजन. मोठं नाव असलेलं कॉलेज वर, गरिबांचं कॉलेज खाली. प्रश्नावली करणाऱ्यांना दाखवायचं होतं, की साध्या कॉलेजातही मुलं मन लावून शिकत असतील तर ते चांगलं कॉलेज आहे. मोलगीच्या दृष्टीने ऐका : हे हत्यार मुळात लहान कॉलेजाच्या बाजूने तयार झालं होतं.

मग अडचण कुठे आली? पेस यांच्या प्रश्नावलीतले विभाग बघा. ग्रंथालय, वर्गातला अभ्यास, लेखन, प्राध्यापकांशी बोलणं, इथपर्यंत ठीक. पुढे क्लब, खेळाची मैदानं, नाट्य-संगीत, विद्यार्थी भवन, वसतिगृहातलं राहणं. म्हणजे बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक दिवस होता. त्या दिवसात विद्यार्थी कॉलेजच्या आवारातच उठतो, तिथेच जेवतो, तिथेच मित्र करतो, तिथेच झोपतो. प्रत्येक प्रश्नावलीच्या पोटात कुणाचा तरी एक दिवस असतो. आपला दिवस त्या दिवसाशी जुळला तर गुण जास्त, नाही जुळला तर कमी. मला आज सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं बोलणं त्याचा पुरावा म्हणून ऐका.

हे अमेरिकेतल्या लोकांनाही कळलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. राष्ट्रीय सर्वेक्षणात आठवड्याचे तास विचारताना पगारी कामाचे, प्रवासाचे, घरच्या माणसांना सांभाळण्याचेही तास विचारतात. नोकरी करून शिकणाऱ्या, रोज घरून येणाऱ्या मुलांच्या कम्युनिटी कॉलेजांसाठी टेक्सासमधून वेगळं सर्वेक्षणच निघालं. म्हणजे कागद बदलता येतो. तो बदलायला कुणीतरी सांगावं लागतं.

आता दुसरा धागा. १९७५ साली व्हिन्सेंट टिंटो यांनी मुलं कॉलेज का सोडतात याचा सिद्धांत मांडला. मूल कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या समाजात मिसळलं तर टिकतं, नाही मिसळलं तर गळतं. १९८७ च्या पुस्तकात त्यांनी याला मानववंशशास्त्राचा आधार घेतला. आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारविधींचा अभ्यास करून तीन टप्पे सांगितले होते : जुन्यातून वेगळं होणं, मधला काळ आणि नव्यात सामावून जाणं. टिंटो म्हणाले, कॉलेजात येणंही तसंच आहे. मुलाने घर, गाव, जुने सोबती यांच्यापासून थोडं सुटलं पाहिजे.

१९९२ मध्ये विल्यम टिअर्नी यांनी याला उत्तर दिलं. ते अमेरिकेतल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांचा अभ्यास करत होते. त्यांचा मुद्दा असा : संस्कारविधीत मूल ज्या समाजात जन्मलं त्याच समाजात मोठं होऊन परत येतं. विधी त्याला आपल्याच लोकांत आणखी घट्ट करतो. तुम्ही मात्र त्याला एका समाजातून उचलून दुसऱ्यात ठेवता, आणि आपलं सोडलं नाही म्हणून नापास ठरवता. मग शिक्षणाची किंमत म्हणून त्याने स्वतःची संस्कृती मारायची का?

मित्रहो, हे वाचलं तेव्हा मला तुमची होळी आठवली. सातपुड्यात होळी एका रात्रीत आटोपत नाही. भोंगऱ्याचा बाजार भरतो, काठीची राजवाडी होळी होते, मोलगीची होते, गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं परततात. बुध्या, मोरखी होणाऱ्यांना व्रत पाळावं लागतं. त्या आठवड्यात वर्गातली हजेरी किती असते, शिक्षकांना विचारा. हजेरीपत्रक म्हणतं, गैरहजर. टिंटोंच्या हिशेबात हा मुलगा कॉलेजात मिसळला नाही. टिअर्नींच्या हिशेबात तो ज्या बळावर परत येऊन परीक्षा देणार आहे, ते बळ तो गोळा करतोय. दोन्ही हिशेब त्याच एका रिकाम्या बाकाचे आहेत.

तिसरा धागा युरोपचा. नेदरलँड्समधले विल्मार शॉफेली थकून जाण्याचा, कामाने माणूस आतून विझण्याचा अभ्यास करत होते. मग त्यांनी त्याची उलट बाजू मोजायला घेतली : उत्साह, निष्ठा आणि तल्लीनता. २००२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्सच्या विद्यार्थ्यांवर हे मोजमाप वापरलं गेलं. भारतातल्या संशोधकांचीही ही आवडती मोजपट्टी आहे, कारण ती आटोपशीर आहे. तीत एक विधान असं येतं, की सकाळी उठल्यावर मला वर्गात जावंसं वाटतं.

आता समजा, एक मुलगी आहे. घर मोलगीच्या पुढे एका पाड्यावर, कॉलेज अक्कलकुव्याला. सकाळी पाणी भरायचं, गाडीच्या थांब्यापर्यंत चालायचं, मग देवगोई घाट उतरायचा. पावसाळ्यात दरड आली तर रस्ता बंद. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायची, कारण ती रात्रीतून गळतात आणि ऊन चढायच्या आत उचलावी लागतात. एप्रिल-मेमध्ये कैऱ्या सोलून आमचूर वाळवायचं. त्यातच परीक्षा. तिला विचारलं, सकाळी उठल्यावर वर्गात जावंसं वाटतं का? ती प्रामाणिक असेल तर म्हणेल, कधी कधी. तिला तीन गुण मिळतात. पुण्यात कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणारा मुलगा म्हणतो, नेहमी. त्याला सहा. आता मला सांगा, मन जास्त कुणाचं लागलंय? ती मुलगी रोज घाट उतरते, हा आकडा त्या कागदावर कुठे आहे?

याच 'कधी कधी' शब्दाची आणखी एक गंमत आहे. खुद्द पेस यांनी १९८२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर तपासलं, की विद्यार्थी 'अधूनमधून', 'बरेचदा', 'नेहमी' म्हणतात म्हणजे नेमकं किती वेळा. उत्तर असं आलं, की एकच शब्द वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी संख्या सांगतो. ग्रंथालयात बरेचदा जाणं म्हणजे आठवड्यातून दोनदा असू शकतं आणि प्राध्यापकांच्या घरी बरेचदा जाणं म्हणजे वर्षातून दोनदा. ज्याने मोजपट्टी बनवली त्यानेच तिच्या खुणा तपासल्या, म्हणून मला पेस यांच्याबद्दल आदर आहे. पुढे २०११ मध्ये स्टीफन पोर्टर यांनी अशा सर्वेक्षणांवर कडक टीका केली. गेल्या वर्षभरात किती वेळा काय केलं हे कुणालाच नीट आठवत नसतं, विद्यार्थी अंदाज करतो आणि आपण त्या अंदाजाला दशांश चिन्ह लावतो, असा त्यांच्या टीकेचा रोख.

त्यात भाषेची भर घाला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केल्या, त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. परक्या देशातली कसोटी इथल्या मुलांना जशीच्या तशी लावून चालत नाही, हे त्यांच्या कामातून तेव्हाच दिसलं होतं. पण मोलगीत मराठी हीच कित्येकांची दुसरी भाषा आहे. घरात भिलीच्या बोली : पावरी, नोइरी, वसावी, देहवाली. इंग्रजीतून मराठीत आलेलं वाक्य मूल मनात पुन्हा आपल्या बोलीत नेतं आणि मग चौकटीत खूण करतं. नर्मदेच्या काठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली तेव्हा शिकवण्याच्या बाजूने हा प्रश्न सुटायला लागला. विचारण्याच्या बाजूने तो अजून तसाच आहे.

आता आपल्या देशाकडे. नॅक ही संस्था १९९४ मध्ये झाली. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, आता त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्याआधी खानदेशची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. एकवीस प्रश्न. पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती शिकवून झाला हा. पुढे एक प्रश्न, किती टक्के शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात. वीस प्रश्नांना चार ते शून्य गुण, आणि एकविसावा मोकळा, तुमच्या सूचना लिहा.

नाव बघा, समाधान. पेस यांनी जे मागे टाकलं, कॉलेज कसं वाटलं हे विचारणं, तिथे आपण पुन्हा आलो. तरी मी याला नावं ठेवत नाही. विद्यार्थ्याच्या उत्तराला कॉलेजच्या श्रेणीत जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण सर्वेक्षण ऑनलाइन. जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं तिथे उत्तर कोण देणार? ज्याच्याकडे फोन आहे आणि जो बाजारगावात राहतो तो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ च्या. देशात २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण २८.४ होतं, अनुसूचित जमातींचं २१.२. म्हणजे आधीच कमी पोचतात, आणि पोचलेल्यांतले थोडे बोलतात.

आणि जे बोलायचं असतं त्याचा प्रश्नच नसतो. जुलै २०१८ आठवा. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला होता. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. जेवण स्वतः करायचं म्हणजे भाजी आणणं, गॅस, भांडी, आणि अभ्यासाचे दोन तास गेले. शिक्षणासाठी रस्त्यावर चालणारी ही मुलं अभ्यासात 'गुंतलेली' होती की नव्हती? त्या एकवीस प्रश्नांत खानावळ नाही. चालत निघणं हेच त्यांचं निवेदन होतं. १८८२ सारखंच, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. तरुणपणी मी एका महाविद्यालयात शिकवत होतो, नाव घेत नाही. वर्षाअखेर अभिप्रायाचे कागद आले. मुलांनी वर्गात बसून भरायचे, मी फळ्याजवळ उभा. सगळ्यांनी मला पूर्ण सहमतीत टाकलं. मला फार आनंद झाला. आठवड्याने एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही बघत होतात ना." त्या दिवसापासून मी शंभर टक्के आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

मग प्रश्नावली टाकून द्यायची का? नाही. ती टाकली तर उरतो तो शिक्षकाचा अंदाज, आणि अंदाज काय म्हणतो ठाऊक आहे : "इकडच्या पोरांना शिकायचंच नसतं." त्या वाक्यापेक्षा वाईट प्रश्नावलीही बरी, कारण तिच्याशी वाद घालता येतो. उलट दिशेचा धोकाही सांगतो. इथलं जीवन वेगळं, इथली मोजपट्टी वेगळी, असं म्हणत कॉलेजने ग्रंथालयाला कुलूप ठेवायचं, हेही चालणार नाही. पाड्यावरच्या मुलीलाही प्राध्यापक वेळेवर यायला हवेत, पुस्तक हातात यायला हवं. ते जरूर मोजा.

मोजताना चार गोष्टी करा. एक, कागद वाटण्याआधी पाच-सहा मुलांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि म्हणा, उत्तर नको, तुला काय कळलं ते तुझ्या बोलीत सांग. निम्मे प्रश्न तिथेच दुरुस्त होतील. दोन, अभ्यासाचे तास विचाराल तर पाण्याचे, प्रवासाचे, मजुरीचेही विचारा, आणि कोणत्या महिन्यात विचारता ते लिहा. मोहाचा आठवडा आणि भादव्यातला आठवडा एक नाही. तीन, मोलगीची तुलना पुण्याशी करू नका. याच मुलांची गेल्या वर्षीच्या त्यांच्या उत्तरांशी करा. चार, भरताना शिक्षक बाहेर, कागदावर नाव नाही, आणि निकाल मुलांना वाचून दाखवायचा. तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं, हे राहिलं. निकाल परत आला नाही तर पुढच्या वर्षी मूल डोळे मिटून खुणा करेल, आणि बरोबरच करेल.

विद्यार्थ्यांना शेवटचं सांगतो. पुढच्या वेळी तो कागद मोबाईलवर आला की घाईने खाली सरकू नका. शेवटी एक मोकळी जागा असते. वीस प्रश्न त्यांचे असतात, ती जागा तुमची. घाट किती वाजता उतरता ते तिथे लिहा. गाडी चुकली की कोणता तास बुडतो ते लिहा. फुल्यांनी त्यांचं निवेदन स्वतः लिहिलं होतं, तुम्हाला निदान तीन ओळी मिळाल्यात.

 आता प्रश्न तुम्ही विचारा.